बसून बघितलं का?

सरांकडे एक बसकर होतं. बसकर म्हणजे एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढीशी चौकोनी गोधडी. हे सांगावं लागतं, कारण माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना हल्ली तो शब्दच ठाऊक नसतो. सरांचं बसकर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचं शिवलेलं. त्याच्या मधोमध एक जांभळा चौकोन होता, आणि अंथरताना तो सरळच आला पाहिजे असा सरांचा हट्ट असे. शबनम पिशवीत त्याची गुंडाळी आणि आमची ड्रॉइंगची शीटं एकत्र कोंबलेली असायची. पिशवीतून आधी शीटं निघाली तर दिवस बरा. आधी बसकर निघालं तर समजायचं, आज आपली सालं निघणार.

जळगावला मी एम.आर्क. करत होते, विषय अर्बन डिझाइन. एकेकट्या इमारतीचा हा विषय नाही. इमारतींच्या मध्ये जे काही असतं, रस्ते, चौक, बाजार, नदीकाठ, ते कसं असावं याचा. सर त्याचा स्टुडिओ, म्हणजे ड्रॉइंगं तपासायचा तास, घ्यायचे. धुळ्याहून एसटीनं यायचे, एसटीनंच परत जायचे. वर्गात आम्ही तिघंच. एक पाचोऱ्याचा मुलगा, एक साक्रीकडची मुलगी आणि मी. मी त्या दोघांपेक्षा वयानं मोठी आणि स्वतः कॉलेजात शिकवणारी, म्हणून सर मला ‘बाई’ म्हणत. त्यात मान किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कुठलंही ड्रॉइंग समोर ठेवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “बसून बघितलं का?”

म्हणजे असं. तुम्ही म्हणालात, सर, हा चौक मी असा सुधारला. ते विचारणार, बसून बघितलं का? तुम्ही म्हणालात, हे बघा, इथे कारंजं. ते म्हणणार, असेल, पण बसून बघितलं का? ज्या जागेचं चित्र काढायचं त्या जागेवर जाऊन आधी जमिनीला बूड टेकवायचं, आणि कंटाळा येऊन जाईपर्यंत उठायचं नाही, हे त्यांचं सगळं शास्त्र. पुस्तकं त्यांनी ढिगानं वाचली होती, पण पुस्तकाचं नाव आमच्यापुढे घेतलेलं मला आठवत नाही. पाचोऱ्याच्या मुलानं एकदा हौसेनं ड्रोन लावून साइटचे फोटो काढून आणले. खरंच देखणे फोटो होते. सरांनी एकेक नीट पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “छान आहेत. पण भाऊ, ड्रोनला बूड नसतं.” तो बिचारा आठवडाभर ड्रोनचं नाव काढत नव्हता.

जागांना ते पास-नापास करायचे. स्टेशनबाहेरचा कट्टा पास. नव्या बँकेच्या पायऱ्या नापास, कारण कुणी बसू नये म्हणून त्यांवर लोखंडी टोकं लावली होती. एसटीत चढले की ड्रायव्हरच्या मागे उभं राहून ते आधी ऊन कुठून येतंय ते बघत, वळणं मनात मोजत आणि मग सावलीची बाजू पकडत. स्टुडिओत शिरल्याबरोबर विचारत, “बसच्या कुठल्या बाजूनं आलात?” मी चुकीची बाजू सांगितली की पुढचा तास वाया. त्यांचं म्हणणं, जिला स्वतःला सावलीत बसता येत नाही ती गावाला काय बसवणार?

एकदा एका गावात नव्या बागेच्या उद्घाटनाला त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मी सोबत गेले होते. बागेत चकचकीत स्टीलचे बाक. एप्रिलचं ऊन, भर दुपारची वेळ, कारण पाहुण्यांना तीच सोयीची होती. भाषणाची पाळी आली तेव्हा सर माइकपाशी गेलेच नाहीत. ते मंचावरून उतरले, एका बाकाजवळ जाऊन उभे राहिले आणि प्रमुख पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, “साहेब, आधी आपण बसावं.” पाहुणे खुशीत येऊन बसले. आणि असे उठले की त्यांच्या खांद्यावरची शाल बाकावरच राहिली. सरांनी ती उचलून, झटकून त्यांना परत दिली आणि म्हणाले, “माझं भाषण संपलं.” त्यांना पुन्हा कधी कुणी उद्घाटनाला बोलावलं नाही. मी त्या दिवशी तोंडात रुमाल कोंबून हसले हे खरं. पण येताना बसमध्ये विचार करत होते, की ज्याच्या हातात आपलं वर्ष आहे तो माणूस असा आहे.

काकू सांगतात तो किस्सा त्याहून मोठा आहे. मुलीला स्थळ आलं, मुलगा चांगला, माणसं चांगली. सर घर बघायला गेले आणि तासाभरात नकार देऊन परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, दारापुढच्या ओट्याला जाळी लावलीय. चोरांच्या भीतीनं ओट्यावर पिंजरा करून घेणाऱ्या घरात माझी पोरगी संध्याकाळी कुठं टेकणार? काकूंनी कपाळावर हात मारला. पण मुलाकडची माणसं सरांच्या वरताण. त्यांनी जाळी काढून टाकली आणि निरोप धाडला, या, बसून बघा. लग्न झालं. जावई अजून सांगतो, माझी पत्रिका कुणी बघितलीच नाही, ओट्याची बघितली.

हे सगळं आता हसत सांगते. तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग यायचा. कारण माझं गाडं अडलेलं होतं. मी मूळची सांगलीकडची. लग्नानं धुळ्यात आले आणि तिथल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवू लागले. पदव्युत्तर पदवी नसेल तर नोकरी पक्की होत नाही, म्हणून कॉलेजनं दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली, आणि स्पष्ट सांगितलं की जूनमध्ये पदवी घेऊन आलात तर जागा तुमची, नाहीतर जाहिरात काढू. मला शिकवायला फार आवडायचं. दुसरं काही मला येतही नव्हतं. आठवडाभर जळगावात खोली घेऊन राहायचं, शनिवारी धुळ्याला, सोमवारी परत. इतकं करून थिसिस नापास झाला असता तर मी काय करणार होते, याचा विचारसुद्धा मी टाळत होते.

थिसिससाठी मी पारोळ्याचा आठवडी बाजार घेतला होता. गाव जळगाव-धुळे वाटेवरच पडतं, सोयीचं. तिथे मी तीन मजली बाजारसंकुल उभं केलं. कागदावर, अर्थात. खाली गाळे, वर खाऊगल्ली, मध्ये काचेचं छत, तळघरात गाड्या. मॉडेल इतकं सुबक झालं होतं की शिपायानंही थांबून बघितलं. बाजाराच्या कडेला कडुनिंबांच्या ओळीखाली एक लांबलचक दगडी धक्का आहे. पूर्वी कापसाच्या गाठी गाडीत चढवायला बांधलेला. मी तो पाडून तिथून तळघरात उतरायचा रस्ता काढला होता.

शीटं लावली. सर आले. पिशवीतून आधी बसकर निघालं.

“बाई, बसून बघितलं का?”

“हो,” मी ठसक्यात म्हटलं. “या वेळी बसले होते.”

पाचोऱ्याच्या मुलानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

“कुठं?”

मी नकाशावर धक्क्यावर बोट ठेवलं. तो पट्टा मी पिवळा रंगवला होता. पिवळा म्हणजे आमच्या भाषेत रिकामी, वापरात नसलेली जागा.

“मग हा पिवळा कसा?”

“तिथं कुणी बसतच नाही, सर. एक लसूणवाली आजी असते, तेवढीच. मी बाजाराच्या दिवशी सकाळी जात होते, ऊन चढायच्या आत परत. एकदाही कुणी दिसलं नाही. आजींना विचारलंसुद्धा, इथं कोण बसतं म्हणून.”

“काय म्हणाल्या?”

“त्या काय सांगणार? मलाच बसा म्हणाल्या. बसले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बसलेय की आजी, म्हटलं, तरी आपलं बसा, बसा. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला आणि मी उठून आले.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्यांचा शब्द सांगा. जसाच्या तसा.”

“बठा. बठा, बठा.”

“बठा, का बठ्ठा?”

“फरक काय पडतो?”

साक्रीच्या मुलीनं ओढणी तोंडाशी नेली आणि ती चक्क खुर्चीवरून घसरली. सर हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. एरवी वर्गात ते अगदी स्वच्छ शहरी मराठी बोलत, पण पोटातून काही आलं की गावाकडची बोली यायची. “काय वं माय!” ते डोळे पुसत म्हणाले. “बठा म्हणजे बसा. आणि बठ्ठा म्हणजे सगळे. तुम्ही विचारलंत, इथं कोण बसतं. ती सांगतेय, सगळे. आणि तुम्ही आपल्या बसताय!”

माझा चेहरा लालबुंद झाला असणार. चूक माझ्या सासरची, असं मी आजही म्हणते. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. घरात खान्देशी बोलायची कुणाची टाप नाही. धुळ्यात इतकी वर्षं राहून मला हा शब्द माहीत नव्हता, आणि त्या एका शब्दापायी मी अख्ख्या तालुक्याची बसायची जागा रिकामी ठरवून तिथून गाड्या तळघरात सोडल्या होत्या.

“चला,” सर बसकराची गुंडाळी करत म्हणाले. “येत्या बाजाराला जाऊ. सकाळी नाही, दुपारी.”

गेलो. आजी जागेवर होत्या, पुढ्यात लसणाचा ढीग. सरांनी बसकर अंथरलं, जांभळा चौकोन सरळ केला, बसले. मी तशीच दगडावर बसले. आपलं बसकर ते कुणालाच देत नसत, म्हणत, आपापलं आणावं.

“अक्का,” सर म्हणाले, “हाई पोरले परत सांग. आठे कोन बठस?”

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओळख पटली. “कितला डाव सांगू हिले? बठ्ठा बठतस!”

आणि खरंच, दुपार कलली तसे सगळे यायला लागले. सकाळी कोण बसणार? सकाळी प्रत्येकजण विकत असतो नाहीतर घेत असतो. दुपारी ज्याचा माल संपला तो आला, ज्याचा संपला नाही तो कंटाळून आला. जीपची वाट बघणारे आले, नुसतेच म्हातारे आले, एक बकरी घेऊन एक जोडपं आलं आणि बकरी विकली न गेल्याबद्दल दोघं एकमेकांना बोल लावत बसली. डोक्यावर भरलेलं टोपलं घेतलेल्या बायका धक्क्याच्या एका टोकाला जायच्या. तिथे दोन दगड एकावर एक बसवलेले होते, डोक्याइतके उंच. त्या मान न वाकवता, कुणाचा हात न लागता, टोपलं त्यावर सरकवायच्या आणि हुश्श करायच्या. मी बाजाराचे इतके फोटो काढले होते, त्यात ते दगड आलेलेच नव्हते.

माझ्या शेजारी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली आणि रस्त्याकडे बघत बसली. थोड्या वेळानं दुसऱ्या गावच्या जीपमधून एक वयस्क बाई उतरली. तिची आई. आल्या आल्या तिनं मुलाला घेतलं आणि मुलीच्या हातात गोडी शेवेचा पुडा दिला. दोघी डोक्याला डोकं लावून हळू आवाजात बोलत बसल्या. आजी मला म्हणाल्या, दर बाजारी अशा येतात, कितीतरी. सासरी माहेरचं माणूस आलं की चहापाणी करावं लागतं, बोलणं होत नाही. इथं होतं.

मला माझी आई आठवली. सांगली किती लांब आहे ते त्या दिवशी कळलं. मी उगीच पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. सरांनी पाहिलं असावं, पण ते बकरीकडे बघत राहिले. संध्याकाळपर्यंत ते एक शब्द शिकवल्यासारखा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी संकुल मोडलं. मॉडेल साक्रीच्या मुलीनं घरी नेलं, तिच्या भाच्याला खेळायला. नव्या शीटवर धक्काच राहिला, तो पुढे वाढवला. कडुनिंब वाढवले, दगडाच्या बैठकीच्या तीन उंच्या केल्या, टोपलं उतरवायचे उंच दगड ठिकठिकाणी दिले. प्यायचं पाणी, बायकांसाठी संडास, जीपला थांबायला सावली, पावसाचं पाणी वाहून जायला उतार. एवढंच. विभागप्रमुख मॅडमनी शीटं बघितली आणि काळजीनं म्हणाल्या, “अगं, यात इमारत कुठे आहे? बाहेरचे परीक्षक काय तपासणार?”

 सोमवारच्या बसमध्ये सर भेटले तेव्हा मी धुमसतच होते. सरळ विचारलं, “सर, हे नापास होऊ शकतं का?”

“होऊ शकतं,” ते म्हणाले.

मी भडकले. गाडीतल्या माणसांची पर्वा न करता बोलले. तुमचं काय जातंय, तुम्ही घरी जाल, नोकरी माझी जाईल. तुमच्या बसायच्या नादानं माझी दोन वर्षं पाण्यात गेली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीकडे सरकून शेजारची जागा मोकळी केली आणि म्हणाले, “उन्हाच्या बाजूला बसलात. इकडे या.”

काय करणार अशा माणसाचं? मी गेले इकडे. 

मग त्यांनी नवीनच खूळ काढलं. अंतिम ज्युरीची, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांपुढच्या परीक्षेची, तारीख बदलून घ्यायची म्हणून ते ऑफिसात भांडायला लागले. रोज जायचे. कारण सांगायचे नाहीत. हवा तो दिवस मिळेपर्यंत क्लार्कच्या समोर बसकर टाकून बसले, असं शिपाई सांगत होता. ऑफिसात सगळे म्हणायला लागले, म्हातारा मुहूर्त बघतोय. मलाही तेच वाटलं. माझी उरलीसुरली आशा त्या दिवशी संपली.

ज्युरीला परीक्षक पुण्याहून आले होते. मोठे वास्तुविशारद, मोजकं बोलणारे, मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. एसीच्या खोलीत त्यांनी आधी पाचोऱ्याच्या मुलाचं काम पाहिलं, मग साक्रीच्या मुलीचं. मग माझ्या शीटांपाशी येऊन उभे राहिले. डावीकडून उजवीकडे गेले. पुन्हा डावीकडे आले.

“बिल्डिंग पुढच्या शीटवर आहे का?”

“नाही, सर.”

“मग कुठे आहे?”

 पाठ केलेलं सगळं विसरले. विभागप्रमुख मॅडम जमिनीकडे बघत होत्या. तेवढ्यात मागच्या भिंतीशी जमिनीवर बसलेले सर उठले. ज्युरीत ते कधी तोंड उघडत नसत, तो त्यांचा नियम होता.

“साहेब,” ते म्हणाले, “हे काम एसीत तपासता येत नाही. आज पारोळ्याचा बाजार आहे. खाली गाडी उभी आहे.”

तेव्हा मला तारखेचं भांडण कळलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, की परीक्षक आता चिडणार. ते चिडले नाहीत. घड्याळ बघितलं, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, “चला.”

पारोळ्यात उतरलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. गाडीपासून धक्क्यापर्यंत चालेस्तोवर परीक्षकांचा शर्ट पाठीला चिकटला. आजींनी त्यांना येताना पाहिलं.

“बठा ना भाऊ. ऊन कितलं शे! पानी ल्या.”

बठा या शब्दाचा अर्थ त्यांना कुणाला सांगावा लागला नाही. ते कडुनिंबाखाली टेकले, आजींच्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि त्यांचा चेहरा माणसासारखा झाला. धक्का भरलेला होता. जरा वेळानं त्यांनी आजींना विचारलं, “काय हो, इथं कोण बसतं?”

“बठ्ठा.”

“बसलोय की,” परीक्षक म्हणाले.

सर खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायला लागले. साक्रीची मुलगी कडुनिंबामागे गेली. हसू मलाही फुटत होतं, पण ज्याच्या हातात माझी नोकरी त्याला हसायचं कसं? मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, “सगळे, सर. सगळे बसतात, असं म्हणताहेत त्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग धक्क्यावरच्या माणसांकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक बाई डोक्यावर भोपळ्यांचं टोपलं घेऊन आली, उंच दगडापाशी गेली, टोपलं सरकवलं, हुश्श केलं. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी सोबत आणलेली गुंडाळी उलगडून धक्क्याचं शीट त्यांच्या हातात दिलं. मांडीवर पसरून ते बघत राहिले. म्हणाले, “हा दगड आणखी चार बोटं खाली हवा. ती टाचा उंचावतेय.” मग म्हणाले, “पाण्याचा उतार नाल्याकडे दाखवलाय, तो नाला चढावर आहे.”  परत येताना गाडीत झोपले.

उताराची चूक खरी होती. मला वाटलं, गेलं. जळगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात जाहिरातीचा मजकूरसुद्धा वाचून घेतला. धुळ्यातल्या माझ्या वर्गातली मुलं आठवली, फळ्यावरचं माझं अक्षर आठवलं. कॉलेजात पोचल्यावर परीक्षक, मॅडम आणि सर आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. आम्ही तिघं बाहेर. पाचोऱ्याचा मुलगा येरझाऱ्या घालत होता. साक्रीची मुलगी म्हणाली, “ताई, टेका ना जरा.” मी म्हटलं, नको. मला बसवेचना. सकाळपासून धक्क्यावरसुद्धा मी बसले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

दार उघडलं. सर एकटेच बाहेर आले, पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. शेवटची एसटी चुकू नये एवढीच घाई चेहऱ्यावर. मी त्यांच्या मागोमाग बाहेरच्या जिन्यापर्यंत गेले. 

“सर, पास कोण कोण?”

ते वळले. “बठ्ठा,” ते म्हणाले.

आणि मी बसले. या वेळी मला अर्थ चांगला कळला होता, तरीही बसले.  तिथल्या तिथे, पहिल्या पायरीवर, पदर सावरायचंही भान न ठेवता. मागे पाचोऱ्याचा मुलगा ओरडला, साक्रीची मुलगी रडायला लागली, आणि मी नुसती श्वास घेत होते. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. नोकरी राहिली, जून आता कधीही येवो. मला सरांच्या पाया पडायचं होतं, बसमध्ये बोलले त्याची भरपाई करायची होती. पण उठताच येईना.

सरांनी एकदा घड्याळ पाहिलं, एसटीचा विचार सोडला आणि पिशवीतून बसकर काढलं. मला वाटलं, आज तरी ते मला देतील. दिलं नाही. माझ्या शेजारी अंथरलं, जांभळा चौकोन सरळ केला आणि स्वतः बसले. दिवसभराच्या उन्हानं जिना तव्यासारखा तापलेला होता. मला ते तोवर कळलंच नव्हतं. कळलं तशी मी ‘आई गं’ म्हणत टुणकन उठले.

सर माझ्याकडे बघून मनापासून हसले आणि त्यांनी हातानं दगड थोपटला.

“पायरी नापास,” ते म्हणाले.